चेसिसखालचा आकडा

डायकास्ट गाड्या जमवणाऱ्या माणसाच्या हातात नवं मॉडेल दिलं की तो आधी ते उलटं करतो. गाडीचं नाव, माप, बनवणारी कंपनी, देश हे सगळं पोटाशी लिहिलेलं असतं. आणि मॉडेल 'लिमिटेड एडिशन' असेल तर तिथेच किंवा सोबतच्या कार्डावर एक आकडा असतो, इतक्यांपैकी इतकावी. त्या आकड्यासाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, मीही मोजले आहेत. हा आकडा येतो कुठून, आणि तो गेला तर हातात काय उरतं, ह्याविषयी आज लिहितो.

माझा शौक जुन्या अमेरिकन मसल कारचा. चिपळूणमध्ये राहून हे खूळ कुठून आलं, असं लोक विचारतात. आमच्या भागात अशा बऱ्याच प्रश्नांचं उत्तर एकच असतं: आखात. कोकणातल्या मुसलमान घरांमधला निदान एक माणूस तरी तिकडे असायचाच. आमच्या घरातले अब्बा. ते कुवेतमध्ये एका गॅरेजात मेकॅनिक होते. तिथल्या रस्त्यांवर तेव्हा शेव्हरोले, ब्युइक, डॉज अशा लांबरुंद अमेरिकन गाड्या भरपूर. पेट्रोल स्वस्त आणि रस्ते सरळ. सुटीवर आले की अब्बा व्ही-एट इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे. अम्मी म्हणायची, "इथे पोरांच्या वह्या घ्यायच्यात, आणि ह्यांचं इंजिन सुरू झालं." १९८६ साली त्यांनी माझ्यासाठी बोटभर लांबीची एक निळी कॅमेरो आणली. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा अब्बा अम्मानमार्गे मुंबईला परतले ते कायमचे. मग चिपळूणला स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. आज ते मी चालवतो.

मसल कार ही काही शर्यतीसाठी घडवलेली वेगळी गाडी नव्हे. मध्यम आकाराची, दोन दारांची, नोकरदार तरुणाला परवडेल अशी साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं, इतकंच. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. त्यांच्याच पॉन्टियाक शाखेतल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम गाडीला होता, गिऱ्हाईक जादा पैसे देऊन मागून घेतो त्या 'ऑप्शन'ला नव्हता. म्हणून १९६४ च्या टेम्पेस्ट लमॉन्सला ३८९ घनइंचांचं इंजिन ऑप्शन म्हणून देण्यात आलं, आणि नाव फेरारीकडून उचललं: जीटीओ. अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या.

३८९ घनइंच म्हणजे साधारण ६,३७५ सीसी. सिलिंडर आठ. भागून बघा, एका सिलिंडरला ७९७ सीसी येतात. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं. म्हणजे जीटीओच्या बॉनेटखाली आठ मारुती बसल्या होत्या! दुकानात हा हिशेब मी कित्येक मेकॅनिकांना ऐकवला आहे, आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो: ॲव्हरेज किती?

पुढे सगळ्या कंपन्या ह्या खेळात उतरल्या. १९७० साली शेव्हेल एसएस ४५४ मध्ये ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळत होतं. तिथून मात्र उतार लागला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके चढवले की गाडी परवडे, पण विमा परवडेना. १९७० च्या अखेरीस हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या, आणि आठ मारुतींचं पेट्रोल पिणारी गाडी दारात ठेवायला लोक कचरू लागले. सगळं मिळून जेमतेम दहा वर्षांचा काळ.

आज लिलावात ज्या गाड्यांना कोट्यवधी रुपये येतात त्या इतक्या थोड्या का उरल्या, ह्याची कहाणी बहुतेक वेळा गौरवाची नसते. १९६९ ची कॅमेरो झेडएल-१ घ्या. तिच्यात शर्यतीसाठी बनवलेलं संपूर्ण ॲल्युमिनियमचं ४२७ घनइंची इंजिन होतं. इलिनॉयमधल्या एका डीलरने ड्रॅग रेसिंगच्या नियमात बसण्यासाठी अशा ५० गाड्यांची ऑर्डर दिली. गाड्या आल्या तेव्हा कळलं की नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरांच्या वर लागले आहेत आणि गाडीची किंमत साध्या कॅमेरोच्या दुपटीहून जास्त झाली आहे. बऱ्याचशा गाड्या कंपनीकडे परत गेल्या आणि दुसऱ्या डीलरांच्या गळ्यात पडल्या. काहींचं महागडं इंजिन काढून साधं बसवलं, तेव्हा कुठे त्या खपल्या. एकूण बनल्या फक्त ६९.

डॉज चार्जर डेटोनाचंही तसंच. शर्यतीत उतरायचं तर किमान ५०० गाड्या विक्रीसाठी बनवा, असा नॅस्कारचा नियम. डॉजने बनवल्या ५०३. पुढे चोचीसारखं टोकदार नाक, मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने ह्या गाडीने ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची वेस ओलांडली. तिची धाकटी बहीण प्लिमथ सुपरबर्ड दोन हजारांच्या आत बनली. ट्रॅकवर लोकांनी तिच्यासाठी शिट्ट्या मारल्या, पण विकत घेणारे थोडे. ती कितीतरी डीलरांच्या अंगणात धूळ खात पडली. काहींनी पंख आणि नाक काढून तिची साधी रोड रनर केली आणि मग विकली. आज त्याच पंखासाठी लोक वेडे होतात. ह्या गाड्या दुर्मिळ झाल्या त्या नाकारल्या गेल्या म्हणून. ६९ किंवा ५०३ हे आकडे कुणी प्रतिष्ठेसाठी ठरवले नव्हते. एक आकडा न परवडलेल्या किमतीचा आहे, दुसरा शर्यतीच्या नियमाचा.

आता मॉडेलांकडे येऊ. डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू दाब देऊन पोलादी साच्यात भरायचा. हा धातू झॅमॅक. जस्त मुख्य, त्यात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. ह्या चार धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने हा मिश्रधातू आणला. चारशे अंशांच्या आसपास तो पाण्यासारखा वाहतो आणि दाराच्या फटीपर्यंतचे बारकावे उचलतो. त्यात शिसं मिसळलं गेलं तर मात्र आतून कीड लागल्यासारखी गाडी वर्षानुवर्षं तडकत जाते. १९३० च्या दशकातल्या कितीतरी डिंकी गाड्या अशाच गेल्या. त्यावर औषध नाही.

१९६८ साली मॅटेलने हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या बाजारात आणल्या. त्यांत कॅमेरो होती, मस्टँग होती, बाराकुडा आणि फायरबर्डही होती. म्हणजे मोठ्या भावाला शोरूममध्ये जी गाडी दिसत होती तीच त्या वर्षी धाकट्याच्या खिशात आली होती. तो धाकटा १९९० च्या दशकात चाळिशीकडे झुकला, हातात पैसा आला, आणि खरी गाडी तोवर आवाक्याबाहेर गेली होती. त्याच्यासाठी १:१८ मापाची मॉडेलं निघाली. फूटभर लांबीची, बॉनेट उघडणारी, आत प्लगच्या वायरींपर्यंत सगळं दाखवणारी, पायाखालच्या गालिच्यालाही मखमली लव असलेली. अर्टलची 'अमेरिकन मसल' मालिका, मग जीएमपी, एक्झॅक्ट डिटेल, हायवे ६१ अशी नावं आली. आणि त्यांच्याबरोबर हा आकडा आला.

पोलादी साचा बनवायला प्रचंड खर्च येतो. तो काही शेकडा गाड्यांत वसूल होत नाही. म्हणून एकाच साच्यातून पिवळी निघते, काळ्या पट्ट्यांची निघते, एखाद्या ड्रॅग रेसरच्या नावाची निघते, चाकं आणि नंबर प्लेट बदलून आणखी एक निघते. प्रत्येकीच्या पोटाशी 'इतक्यांपैकी इतकावी' असतं, आणि ते खोटंही नसतं. मर्यादित असतो तो रंग. साचा मर्यादित नसतो. हॉट व्हील्सने १९९५ साली 'ट्रेझर हंट' सुरू केलं तेव्हा वर्षाला १२ मॉडेलं आणि प्रत्येकाच्या दहा हजार गाड्या, असा हिशेब होता. खऱ्या झेडएल-१ चा आकडा गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे लहान राहिला. मॉडेलचा आकडा गिऱ्हाईक मिळावं म्हणून लहान ठेवला जातो. हा फरक लक्षात घेतला की दुकानातली घालमेल पुष्कळ कमी होते.

घालमेल असते, हे मात्र खरं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून आमच्यासारख्यांचा भरवसा दुबईहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेवर. त्याला फोनवर सांगायचं, "खोक्याला कोपरा लागू देऊ नकोस." तो म्हणतो, "मामू, आतल्या गाडीचं विचाराल की नाही?" पण बाजारात खोक्याचीच किंमत आधी होते. खोकं न उघडलेलं, कार्ड शाबूत, प्लास्टिकची पट्टी जागच्या जागी असेल तर एक भाव. तेच उघडलेलं असेल तर दुसरा.

आकडा लहान आहे म्हणून सगळंच घ्यावं असं नाही. एक गाडी मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. नारिंगी रंगाची १९६९ ची चार्जर, दारावर ०१, नाव जनरल ली. १९७९ ते १९८५ ह्या काळात अमेरिकन टीव्हीवर चाललेल्या 'द ड्यूक्स ऑफ हॅझार्ड' ह्या मालिकेतली. तिच्या छतावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा लढाईतला झेंडा आहे. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनमध्ये एका गोऱ्या तरुणाने चर्चमध्ये शिरून नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. त्या झेंड्यासोबतचे त्याचे फोटो बाहेर आले. त्यानंतर काही दिवसांतच वॉर्नर ब्रदर्सने झेंडा असलेल्या ह्या खेळण्यांचे परवाने थांबवले, आणि तयार मॉडेलांचे भाव चढले. माझ्या ओळखीचा एक संग्राहक म्हणाला, "आत्ता घेऊन ठेव, पुन्हा बनणार नाही." गाडी सुंदर आहे, ह्यात वाद नाही. पोरांना ती उड्या मारणारी गाडी म्हणूनच आवडली, हेही मला कळतं. पण येणाऱ्या गाडीवर कोणता झेंडा आहे हे आधी बघून मग रस्त्याच्या कडेला सरकायचं की नाही हे ठरवणारी माणसं जगात सगळीकडे असतात. त्यांची बाजू मला न सांगता कळते. म्हणून ती गाडी माझ्या कपाटात नाही.

आता कपाटाविषयी. रमजानमध्ये आमच्या घरी जकातीचा हिशेब मांडला जातो. दुकानातला माल, रोकड, सोनं, येणी आणि देणी. चाळिसावा हिस्सा काढायचा. घरात वापरायच्या वस्तूंवर जकात नाही. भांडी, पलंग, स्वतःची स्कूटर ह्यांचा हिशेब लागत नाही. विकण्याच्या नियतीने घेतलेल्या मालाचा लागतो, आणि तो खरेदीच्या किमतीने न होता त्या दिवशीच्या बाजारभावाने होतो. २०२१ च्या रमजानमध्ये यादी लिहिताना बायको म्हणाली, "वरच्या फळीवरच्या बंद खोक्यांचं काय?"

मी म्हटलं, "तो शौक आहे."

"शौक असता तर उघडली असती," ती म्हणाली, आणि पेन उचलून थांबली.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते हसले. म्हणाले, वस्तू कोणती ह्याने फरक पडत नाही, घेताना मनात काय होतं ते महत्त्वाचं, आणि ते तुमच्याखेरीज कोण सांगणार? त्या रात्री मी कपाटासमोर खुर्ची घेऊन बसलो. एकंदर ५३ गाड्या. प्रत्येक गाडीला एकच प्रश्न: उद्या कुणी चांगला भाव दिला तर हिला देशील? ३९ गाड्यांना उत्तर 'नाही' असं आलं. त्या उघडलेल्या होत्या, त्यांच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते. १४ गाड्यांना 'हो' आलं, आणि त्या चौदाही बंद खोक्यांतल्या. त्या चौदांचा बाजारभाव लावला आणि त्यावरची जकात दिली. वीस वर्षं जे एक कपाट होतं त्याचे त्या रात्री दोन भाग झाले. एक माझा होता, दुसरा मी कुणासाठी तरी सांभाळत होतो. त्या कुणाचं नावही मला माहीत नव्हतं.

२१ जुलैला बकरी ईद झाली. २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. चिपळूणकरांना पाणी नवीन नाही. पावसाळ्यात बाजारपेठेत गुडघाभर पाणी आलं तर आम्ही माल एक फळी वर सरकवतो. त्या दिवशी फळ्या संपल्या. आदल्या दिवशीचं कुर्बानीचं गोश्त फ्रिजमध्ये होतं, फ्रिज तरंगू लागला. अब्बांना पाठीवर घेऊन वर शेजाऱ्यांकडे नेलं, मग अम्मी, मग मुलं. दोन खेपांनंतर जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. कपाट खालीच राहिलं. त्या वेळी ते आठवलंही नाही.

पाणी उतरल्यावर घरात वीतभर चिखल होता आणि दुकानात त्याहून जास्त. बेअरिंगं, फिल्टर, ब्रेक लायनर, सगळं एकाच रंगाचं. आठवडाभर फक्त उपसत होतो. लातूरहून, पुण्याहून, कुठून कुठून अनोळखी माणसं झाडू, फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. त्यांची आठवण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कपाट उघडलं ते दहाव्या दिवशी. खोक्यांचा लगदा झाला होता. सोनेरी अक्षरांची कार्डं एकमेकांना चिकटून वडीसारखी झाली होती. कोणत्या गाडीचा आकडा कोणता, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

गाड्या मात्र होत्या. जस्ताला आणि त्यावरच्या रंगाला दहा दिवसांच्या चिखलाने फारसं काही झालं नव्हतं. पोलादी आस गंजले, बारीक स्क्रू गंजले, आतल्या मखमलीला नदीचा वास बसला. अंगणात टब ठेवून त्यांत कपडे धुण्याची पावडर टाकली. अब्बा तेव्हा ७८ वर्षांचे. चिखल उपसायला आम्ही त्यांना हात लावू देत नव्हतो, म्हणून ते चिडून बसले होते. त्यांच्या हातात जुना टूथब्रश दिला आणि म्हटलं, "हे तेवढं बघा."

त्या चौदा गाड्या अब्बांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. पाहिली होती ती खोकी. काळी १९७० ची शेव्हेल त्यांनी धुतली, पुसली, बॉनेट उघडलं आणि चष्मा वर सरकवून बराच वेळ आत बघत राहिले. मग मला हाक मारली.

"ही स्टार्ट होणार नाही."

मी म्हटलं, "अब्बा, ती खेळण्यातली आहे."

"खेळण्यातली असेल. पण वायरी चुकीच्या लावल्यात." आणि त्यांनी बोटावर मोजून दाखवलं, "१-८-४-३-६-५-७-२. शेव्हरोलेच्या व्ही-एटची फायरिंग ऑर्डर. डिस्ट्रिब्युटरमधून वायर ह्या क्रमाने निघते. ह्यांनी जवळची वायर जवळच्या प्लगला घातली आहे." कुवेत सोडून ३१ वर्षं झाली होती. दुपारचं औषध घेतलं की नाही हे त्यांना आठवत नव्हतं. हा क्रम आठवत होता. तीन वर्षं ती गाडी आमच्या घरात होती, आणि ते इंजिन बघणारा माणूस शेजारच्या खोलीत झोपत होता.

त्या दिवसांत प्रत्येक गाडी हातातून गेली तशी मी त्यांच्याविषयी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. तोवर माझं वाचन इंजिन, रंग, आकडे इतकंच होतं. आता ती जोडली कुणी, हे शोधू लागलो. मस्टँगचंच बघा. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत ती लोकांसमोर आली, पण तिचं उत्पादन मार्चमध्येच सुरू झालं होतं, डिअरबॉर्नला, फोर्डच्या रूज कारखान्यात. पुढची ४० वर्षं ती तिथे बनत राहिली. ह्या कारखान्याच्या सावलीतल्या वस्तीत लेबनॉनमधून आणि येमेनमधून आलेली मुसलमान कामगारांची घरं होती. त्याआधी फोर्डचा कारखाना हायलँड पार्कला होता, तेव्हा त्या गावात १९२१ मध्ये मशीद उभी राहिली होती. ती अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींपैकी एक. काम डिअरबॉर्नला सरकलं तशी माणसंही सरकली, आणि १९३० च्या दशकात रूजच्या जवळही मशीद झाली. पाळी संपवून हात धुऊन नमाजला जाणारी, महिनाअखेरीस गावाकडे पैसे पाठवणारी माणसं. कुवेतच्या गॅरेजातल्या माणसापेक्षा ती फार वेगळी नसावीत. ज्या गाडीला मी अमेरिकेची म्हणून बघत होतो तिच्यात त्यांचीही मजुरी आहे. आणि तिची जी प्रतिकृती मी धूत होतो, तिच्या पोटाशी 'मेड इन चायना' आहे. तिच्यावरचे केसाएवढे पट्टे छापणारी आणि वायरी चिमट्याने खोचणारी माणसं ग्वांगडाँगमधल्या कुठल्याशा कारखान्यातली. फायरिंग ऑर्डर त्यांना कुणी सांगितली नसणार. त्यांच्यासाठी त्या आठ बारीक वायरी होत्या आणि दिवसाचा कोटा होता.

दुकान पुन्हा उभं करायचं होतं. पुण्याच्या एका ओळखीच्या संग्राहकाला फोन केला. तो भला माणूस, आधी घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "खोकं नाही, कार्ड नाही, म्हणजे तिसरा हिस्साही येणार नाही." भाव त्याने ठरवलेला नव्हता, बाजाराचाच होता. चौदांपैकी सहा दिल्या. आलेल्या पैशांत फिल्टरचा एक लॉट भरला. ज्या ३९ गाड्या विकायच्या नव्हत्या त्यांचा भाव किती पडला, हे मी विचारलं नाही. त्यांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

पुढच्या रमजानमध्ये, २०२२ साली, बायको पुन्हा वही घेऊन बसली. दुकानातला माल आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आला होता, देणी वाढली होती. कपाटापाशी आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "४७ आहेत. सगळ्या आपल्याच." तिने ती ओळ खोडली आणि पुढे गेली.

ह्या छंदात नव्याने येणारी पोरं मला कधी कधी विचारतात, काका, कोणतं एडिशन घेऊन ठेवू, पुढे वाढेल का? वाढेलही, मला सांगता येत नाही. मी त्यांना एवढंच सांगतो की विकायला घ्यायचं असेल तर ते माल म्हणून घ्या, त्याचा हिशेब ठेवा, त्यात काही वाईट नाही. तोही धंदाच आहे. जपायला घ्यायचं असेल तर घरी आणल्याच दिवशी खोकं उघडा आणि घरात ज्याला त्यातलं कळतं त्याच्या हातात द्या. आमच्या घरी आता नवीन गाडी क्वचित येते. आली तर आधी अब्बांकडे जाते. ते बॉनेट उघडतात, वायरी मोजतात आणि निकाल देतात.

शेव्हेलच्या वायरी सोडवून योग्य क्रमाने लावायचं त्यांच्या मनात आहे. मूळ स्थिती बिघडेल आणि मग तिला कुणी विचारणार नाही, असं पुण्याचा मित्र म्हणाला. मी घड्याळजीकडून बारीक टोकाचा चिमटा आणला आहे. पहिल्या चार वायरी निघाल्या आहेत. अब्बांचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे रोज एकच होते.